गंगाराम तांडेलाचा खुंट

“आप्पा, हा खुंट कुणी हलवला?”

सानवी पुळणीवर उभी राहून विचारत होती. एका हातात कॉलेजातून आणलेलं जीपीएसचं यंत्र, दुसऱ्या हातात वही, आणि चेहरा असा की जाळं विणणाऱ्या गंगारामच्या हातातली सुई थांबली.

“मीच,” तो म्हणाला. खरं तर जरा ऐटीतच म्हणाला. “तीनदा मागं घेतला. गेल्या म्हयन्यात लाल रंग पन दिला नवा. तुला दिसला नाय?”

सानवीने यंत्रातला आकडा पुन्हा तपासला.

गंगारामचं आयुष्य होडीचं सुकाणू धरून तांडेलकी करण्यात गेलं होतं. लेक मात्र रत्नागिरीच्या हॉस्टेलवर राहून भूगोलात एम.एस्सी. करत होती. वाळू, वारा आणि भरती-ओहोटी शिकायला कॉलेजात कशाला जावं लागतं, हे वाडीला कळत नव्हतं. गंगारामलाही कळत नव्हतं, पण वाडीसमोर तो तसं कबूल करत नसे. दोन वर्षांपूर्वी सानवीने घरासमोरच्या पुळणीवर एक लाल खुंट ठोकला. दर महिन्याला यायचं, खुंटापासून भरतीच्या रेषेपर्यंत टेप धरायचा आणि आकडा लिहायचा. समुद्र किनारा किती खातोय, ते त्यातून कळणार होतं. पहिल्या दिवशी जाताना ती सांगून गेली होती, “आप्पा, खुंट सांभाळा हां.”

गंगारामने तो सांभाळला. पाणी वर चढलं की खुंट मागे घ्यायचा, ही होडी बांधणाऱ्याची रीत. समुद्राच्या तोंडी खुंट तसाच ठेवणारा तांडेल त्याने जन्मात पाहिला नव्हता.

“अगो, पन पाणी आला व्हता खुंटापर्यंत. वाहून गेला असता तो.”

“जाऊ द्यायचा होता, आप्पा. तेच तर लिहायचं होतं.” सानवीने वही उघडून त्याच्यापुढे धरली. “माझ्या वहीत समुद्र जागचा हललाच नाही. आठ दिवसांनी प्रबंध द्यायचाय. खुंट पहिल्यांदा कुठे ठोकला ते यंत्रात आहे, म्हणून आज कळलं तरी. पण तुम्ही तो केव्हा हलवलात आणि किती, ते कुठेय? दोन वर्षं पाण्यात गेली माझी.”

गंगारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीने एक गोष्ट सांभाळायला सांगितली होती, आणि आपण इतकी सांभाळली की तिचं वाटोळं केलं. त्याने जाळं बाजूला ठेवलं. मग उठला, लुंगी गुडघ्यावर खोचली आणि सरळ पाण्यात शिरला.

मांडीभर पाण्यात जाऊन तो किनाऱ्याकडे तोंड करून थांबला. एकदा देवळाकडे बघितलं, एकदा डावीकडे. दोन पावलं मागे सरला, एक बाजूला.

“हितं. हा तुझा पयला खुंट. यंत्र आन हिकडं.”

सानवी पाण्यात उतरली. तिने यंत्र त्याच्याजवळ धरलं, आकडे वाचले, काच पुसून पुन्हा वाचले. पहिल्या दिवशीची जागा आणि ही जागा यांत हातभर अंतर होतं.

“आप्पा, कसं कळलं तुम्हाला?”

“खुणेवरनं. देवळाचा कळस डोंगराच्या खिंडीत बसला पायजे, आनि कातळाचा नाक दीपगृहाला चिकटला पायजे. मासा गावला ती जागा अशीच ध्यानात ठेवतात. खुंटाला हात घातला की डोळे आपसूक वर जातात.”

मग बाकीच्या दोन जागाही त्याने दाखवल्या. पहिल्यांदा हलवला ज्येष्ठातल्या उधाणाला, दुसऱ्यांदा नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, तिसऱ्यांदा गेल्या दिवाळीच्या अवसेला. सानवी थक्क होऊन लिहीत होती. दोन दिशा धरून जागा कशी काढायची हे शिकायला तिला एक अख्खं सत्र लागलं होतं.

तिने प्रबंधाच्या मार्गदर्शक मनिषा मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “चूक झाली तशीच लिही. जागा कुणी आणि कशा शोधून दिल्या तेही लिही, नावानिशी. सगळे आकडे परत काढ.”

सानवीने तिथेच वाळूत बसून बेरीज केली. “पाच, तीन आणि सहा. चौदा मीटर, आप्पा. दोन वर्षांत.”

 आयुष्यभर गंगाराम होडीचे खुंट मागे घेत आला होता, कधी चार हात, कधी सहा. त्यांची बेरीज करायची त्याला कधी बुद्धी झाली नव्हती.

“माजा बाबा ऱ्हायचा ती जागा बगशील?” त्याने विचारलं.

त्याने होडी काढली. लाटा फुटतात तो पट्टा ओलांडला, लहानपणी अंगणातून कळस आणि खिंड जशी दिसायची तशी दिसताच इंजिन बंद केलं आणि दगड बांधलेली दोरी सोडली. दोरी सव्वा वाव, म्हणजे पुरुषभराहून थोडी जास्त, खाली गेली. यंत्राने किनाऱ्यापासूनचं अंतर दाखवलं, शहाऐंशी मीटर.

“हा आमचा अंगण,” गंगाराम म्हणाला. “हितं आई बांगडे सुकवायची. मी हितंच रांगलो.”

सानवीने खाली वाकून बघितलं. हिरवं पाणी शांतपणे हलत होतं. चाळीस वर्षं गंगाराम रोज इथून गेला होता, मासळीच्या खुणा शोधत, पण या जागेची खूण धरून बघायचं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. त्याला भीती वाटली नाही. गाभाऱ्यात शिरल्यावर वाटतं तसं वाटलं, आपण फार लहान आहोत असं.

“झालं रीडिंग, आप्पा. चला.”

गंगारामने इंजिनला हात लावला आणि मागे घेतला. फळीखालची वल्ही काढली.

“इंजिन बिघडलं?”

“नाय गो.”

पाण्याचा आवाज होऊ न देता तो हळूहळू वल्हवत राहिला. पन्नासएक हात गेल्यावर त्याने एकदा देवळाकडे, एकदा कातळाकडे बघितलं. अंगण संपलं होतं. मग त्याने वल्ही आत घेतली आणि इंजिन सुरू केलं.