मला न दिसलेला दर्या

मित्रांनो, बबनकाकांच्या धाकट्या लेकीचं, नीलमचं बारसं झालं, त्याच वर्षी मी भाईंदरच्या केबिन रोडवर आले. बारशाचे पेढे आधी माझ्या झाकणावर ठेवले आणि मग शेजारच्या दुकानांत वाटले. मी एक जुनी झेरॉक्स मशीन आहे. मुंबईच्या फोर्टातल्या एका ऑफिसाने मला मोडीत काढलं होतं. बबनकाकांनी पुसून, तेलपाणी करून आपल्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला लावलं. रेशनकार्ड, भाडेकरार, शाळेचे दाखले, सगळ्यांच्या प्रती मी काढल्या. लोक आपला कागद घेऊन जात. माझ्याकडे कोणी बघत नसे.

मग एक दिवस जागृती आली. उत्तनच्या कोळीवाड्यातली मुलगी, बोटं कायम शाईने काळी. ती चित्रांतून गोष्टी सांगायची. एका प्रकाशकाने तिला म्हटलं होतं की कोळ्यांची गोष्ट आहे तर नाच हवा, गाणं हवं. हिच्या चित्रांत बायका बर्फात हात घालून मासे निवडत, आणि पुढारी फोटोसाठी जाळं धरत, तेही उलटं. ती कोणालाच सोडत नसे, स्वतःच्या आईलाही नाही. कोणी छापत नाही तर आपणच छापू, असं तिने ठरवलं आणि अंकाचं नाव ठेवलं ‘खारट’.

ती आधी फिकट निळ्या पेन्सिलीने चित्र काढायची आणि वरून काळी शाई फिरवायची. पहिल्या दिवशी बबनकाका खोडरबर घेऊन त्या निळ्या रेघा पुसायला बसले. पोरीचं काम स्वच्छ दिसावं, एवढाच त्यांचा हेतू.

“काका, राहू द्या,” ती हसून म्हणाली. “तुमच्या मशीनला निळं दिसतच नाही.”

ते खरं आहे. फिकट निळा रंग माझ्या काचेवर आला, तर मला तिथे कोरा कागदच दिसतो.

पानं निघाली की ती माझ्या झाकणावरच घड्या घालायची, पिना मारायची. तिची आई जिजाबाई बाजारात मासे विकायला बसे. ती माशांच्या वाट्याशेजारी अंकाची चळत ठेवी. एका गिऱ्हाइकाने विचारलं, हे कागद मासे बांधायला का? जिजाबाई म्हणाली, “बांध की. पन आधी बघ.” हा किस्सा ती दुकानात येऊन सांगे आणि बबनकाका खोकला येईपर्यंत हसत. तिची एकच तक्रार असे, लेकीने दर्या नेहमी पांढरा ठेवला. जागृती म्हणायची, आये, काळ्या मशीनवर निळा कुठून आणू?

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते.

पुढे जागृती आजारी पडली. इस्पितळातून घरी आणली, तेव्हा डॉक्टरांनी आशा सोडली होती. त्या पावसाळ्यात जिजाबाई एकटीच दुकानात आली. पिशवीतून तिने नव्या अंकाची पानं काढली. शाईचं पेन धरताना लेकीचा हात थरथरत होता, म्हणून सगळा अंक निळ्या पेन्सिलीतच राहिला होता. नारळी पौर्णिमेपर्यंत तो जागृतीला हातात हवा होता.

मी कोरे कागद बाहेर टाकले. बबनकाकांनी काळेपणा वाढवला, तर नुसती राखाडी पानं आली. मग त्यांनी बॉलपेन घेतलं. एका पानावर पातळ कागद ठेवून ते खालच्या रेघा सावकाश गिरवू लागले, म्हणजे मला दिसाव्यात. जिजाबाईने ते पान उचललं आणि बराच वेळ पाहिलं.

“बबनभाऊ, तुमी चांगल्या मनाने काढलाव,” ती म्हणाली. “पन ही माझ्या पोरीची रेघ न्हाय.”

सिल्व्हर पार्कमधल्या दुकानातल्या नव्या, रंगीत प्रती काढणाऱ्या मशीनला बबनकाका रोज ‘रंगीत डबडं’ म्हणून नावं ठेवायचे. त्या दिवशी त्यांनी शटर ओढलं, पानं प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि स्वतः जिजाबाईला घेऊन तिथेच गेले.

पौर्णिमा होऊन गेल्यावर जिजाबाई परत आली. बबनकाकांनी तिच्यापुढे स्टूल सरकवलं. ती सांगू लागली. “पुरा अंक बघितला तिने. म्हनली, आये, तिसऱ्या पानावर होडीची दोरी चुकली.” मग अंक उघडून तिने माझ्या काचेवर ठेवला. “बघा, दर्या निला झाला.”

बबनकाकांनी सवयीने बटण दाबलं. मी पुन्हा एक कोरा कागद बाहेर टाकला. जिजाबाईने तो घडी घालून पिशवीत ठेवला.

आता मी दुकानाच्या कोपऱ्यात असते. माझ्यावर गठ्ठे ठेवतात. मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही, माझं झालं. पण तुमच्या घरी, शेजारी कोणी काही काढत असेल, तर ते आजच बघा. शाई फिरवून होईपर्यंत थांबू नका. अंकात मासे बांधलेत तरी चालेल, पण आधी बघा.

जागृती २०२३ साली, नारळी पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी, उत्तनला राहत्या घरी वारली.