मोटारीच्या वहाणा

हरिसिंगने भाकर डाव्या हाताने मोडली. त्याच्या बायकोने, रामीबाईने, ताट जरा फिरवून ठेवलं.

*

खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. मग दोन.

*

"पोटवाले उजवीकडं! लेकुरवाळ्या डावीकडं! चला, बसा लवकर!" हरिसिंग मोटारीच्या दारातून ओरडायचा.

*

मोडीत निघालेल्या मिल्ट्रीच्या ट्रकचा पाटा, म्हणजे चाकावरची लोखंडी स्प्रिंग, साध्या पाट्याहून बोटभर जाड असतो. तो वाकत नाही. वाकायचं काम मग दुसऱ्या कोणाला तरी करावं लागतं.

*

टायरची वहाण चामड्याच्या वहाणेपेक्षा जास्त टिकते. बाभळीचा काटा तिच्यात घुसतो, पण पायापर्यंत पोचत नाही.

*

बबनरावांची सर्व्हिस मोटार धनजहून कारंजाला आणि कारंजाहून मानोऱ्याला जात असे. ती चालवायचा हरिसिंग, मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा. बाजाराच्या दिवशी आत माणसं, टपावर कापसाची बोचकी, मागे शिडीला लोंबकळणारी आणखी माणसं. खड्डा आला की मोटारीचं बूड रस्त्याला टेकायचं. म्हणून पावसाळा सरल्यावर बबनरावांनी चाकांवरचे जुने पाटे काढायला लावले आणि अकोल्याच्या भंगारातून आणलेले मिल्ट्रीचे पाटे घालून घेतले. मोटार वर उठली. बबनरावांनी तिला झेंडूचा हार घातला.

त्या दिवसापासून मोटार डावीकडे ओढू लागली.

स्टेरिंग उजवीकडे दाबून धरलं तरच ती सरळ जायची. हात जरा सैल पडला की निघाली नालीकडे. हरिसिंगच्या बापाची बैलगाडी होती. एक बैल अंगचोर निघाला की ओझं त्याच्या बाजूने काढून दुसऱ्या बाजूला सरकवायचं, हे हरिसिंगने लहानपणी पाहिलेलं. इथे बैल नव्हते, माणसं होती. त्याने माणसं सरकवली. जाड ती उजवीकडे, वाळकी ती डावीकडे. मानोऱ्याचा एक पेढेवाला न सांगताच उजवीकडे जाऊन बसायचा आणि म्हणायचा, "मी पाशिंजर नाई बाप्पा. मी मोटारीचं सामान हाओ."

लोक हसायचे. मोटार ओढायचीच.

दिवाळी गेली. हरिसिंगच्या उजव्या खांद्यात आधी कळ आली, मग कळ गेली आणि नुसतं जडपण राहिलं. लोटाही डाव्या हातानेच उचलावा लागायचा. त्या कुशीवर झोपता येईना, दुसऱ्या कुशीवर झोप येईना. रामीबाई रोज तेल चोळायची. चोळता चोळता तिचाच डोळा लागायचा.

*

"मालक, मोटार डावीकडं वढते."

बबनराव ओसरीवर पान लावत होते. "रस्ता डावीकडं उतरता हाय."

"मालक, येताना बी डावीकडंच वढते."

बबनरावांचं चुना लावणारं बोट पानावर थांबलं, पण थोडाच वेळ. "तू म्हातारा होऊन राह्यला हरिसिंग. दुसरं काई नाई. तो दौलतसिंग कवापासून मांगं लागला हाय, मले द्या म्हणते मोटार. त्याले कोनती बाजू वढत नाई."

"तो अजून बसलाच कुठं हिच्यावर?"

"मंग बसवतो. येत्या सोमवारी मी सोता पुढं बसतो. पायतो, मोटार वाकडी हाय का डायवर वाकडा हाय."

हरिसिंग बरं म्हणाला. परत मोटारीत चढताना त्याने दांडी डाव्या हाताने धरली.

*

धनजचा पुंजाजी मिस्तरी विहिरीवरच्या इंजिनांचा. मोटारीची चाकं सरळ करताना त्याने अकोल्यात एकदा पाहिलं होतं, तेही लांबून. तसं त्याने सांगूनच टाकलं.

"झालं तं झालं, हरसिंगभाऊ. पन जमीन सपाट पायजे. नाईतर मोटार वाकडी का जमीन वाकडी, समजाचंच नाई."

धनजमध्ये सपाट जमीन एकच, रंगूबाईचं खळं. दरवर्षी ती ते भिजवून, बैल फिरवून, चोपून, शेणाने सारवून घ्यायची. पाणी ओतलं तर कुठे वाहायचं ते पाण्यालाच ठरवता येत नसे. नवरा गेल्यापासून शेती तिच्याच हातात होती आणि खळ्याचे नियमही. ज्वारीची रास त्या रविवारी सकाळीच मोजून झाली होती. पोती कडेला उभी होती, अजून घरात गेली नव्हती.

"रंगूमाय, घडीभर मोटार उभी करू द्या."

"खळ्यावर वहाणा घालून कोनी येत नाई."

"काढल्या ना, माय."

"अन् मोटारीच्या?"

पुंजाजी हसला. रंगूबाई हसली नाही.

मग हरिसिंगने विहिरीवरून पाणी आणून चारही चाकं धुतली, डाव्या हाताने. गोणपाटाने पुसली. खळ्यावर धिम्या चालीने मोटार चढवली तेव्हा रंगूबाई चाकांमागे चालत होती, सारवण उखडतं का ते पाहत.

"अजून एक," ती म्हणाली. "आकडा मोठ्यानं बोलाचा नाई. पोते अजून भाईरच हायत. बोललं का बरकत जाते."

पुंजाजीने हरिसिंगकडे पाहिलं. हरिसिंगने मान हलवली. त्याला वाद घालायचा नव्हता. त्याला कुठेतरी बसायचं होतं.

पुंजाजीने सुतळी घेतली. उजव्या अंगाला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत ताणली आणि गाठ मारली.

"लाभ," रंगूबाईच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

तीच सुतळी डाव्या अंगाला नेली. पुढचं टोक हरिसिंगने धरलं, मागचं पुंजाजीने. गाठ मागच्या चाकाच्या मध्यावर यायला हवी होती. ती मध्य ओलांडून पलीकडे गेली. गाठ मध्यावर धरली तर सुतळी सैल पडत होती. दोन बोटं जास्तच असेल.

पुंजाजीने दोन बोटं नुसतीच वर करून दाखवली.

"हे काय उरलं मंग?" रंगूबाईने विचारलं.

"हेच तं वढून राह्यलं होतं," पुंजाजी म्हणाला आणि मोटारीखाली गेला.

पाटे घालणाऱ्याने घाई केली होती. पाट्यांच्या मधला बोल्ट आपल्या भोकात बसलाच नव्हता. पुढच्या चाकांचा आस डाव्या बाजूला मागे सरकला होता आणि मोटार इतके महिने एक पाय मागे ठेवून चालत होती. त्यांनी बोल्ट सैल केले. पुंजाजीने पहार लावली. रंगूबाईने आपला गडी बोलावला. हरिसिंगने डावा खांदा दिला. "हां... हां... अजून जरासं!" आस सरकला, बोल्ट भोकात उतरला आणि एवढासा आवाज झाला, सुपारी फुटल्यासारखा.

हरिसिंग तिथेच सारवणावर टेकून बसला.

मग पुढची चाकं. पुंजाजीने बांबूची काडी दोन टायरांच्या मध्ये पुढून धरली, मग तीच मागून. पुढून काडी सैल, मागून अडकली.

"फेंगडी हायत. म्हाताऱ्या बदकासारखी." चाकं जोडणारी दांडी त्याने फिरवली, पुन्हा काडी धरली, पुन्हा फिरवली. कंटाळला, बिडी ओढायला खळ्याबाहेर गेला, परत आला आणि पुन्हा फिरवली. उन्हं कलली तेव्हा काडी दोन्हीकडे सारखी बसायला लागली.

"अशी चाकं टायरले आतल्या कडेनं खाते," तो हात पुसत म्हणाला. "डावा टायर तू मागंच बदलला ना? जुना कुठं हाय? तो मालकाले दाखव. बोलाचं कामच नाई पडाचं."

हरिसिंगने खळ्याच्या कडेला पाहिलं, जिथे सगळ्यांच्या वहाणा काढून ठेवल्या होत्या.

"हाय कुठंतरी," तो म्हणाला.

रंगूबाई पोत्यांपाशी उभी होती. "पैले मालकाले इथं आनून दाखवाचं होतं. ते सुतळी कशी उरली ते. मंग सरळ कराची होती."

"खरं हाय, माय."

"मंग काहून नाई आनलं?"

"तवर हात धरत नोता."

*

सोमवार.

बबनराव पुढे, हरिसिंगच्या डाव्या हाताला बसले. धोतराचा सोगा मांडीवर घेतला. मोटार धनजबाहेर पडली आणि लगेच उजवीकडे निघाली.

हरिसिंगने ती आवरली. पुन्हा निघाली. समोरून तुराट्यांनी भरलेली बैलगाडी येत होती. गाडीवान उभा राहून ओरडला, "अबे ओ! रस्ता का तुह्या सासऱ्याचा हाय?"

हरिसिंगने पूर्ण जोराने डावीकडे घेतलं. मोटार नालीच्या काठावर गेली, टपावरची बोचकी करकरली, मागे एक बाई "अगं माय वं" म्हणाली. गाडी निघून गेली.

त्याला कळलं तेव्हा त्याला फक्त थकवा आला. मोटार सरळ झाली होती. हात नव्हते झाले. मोटारीला जितकं ओढायची सवय होती तितकंच ते दुसऱ्या बाजूला ओढत होते आणि समोर आता ओढणारं कोणी नव्हतं.

पुढे सरळ पट्टा आला. हरिसिंगने दोन्ही हात स्टेरिंगवरून काढले आणि मांडीवर ठेवले.

मोटार गेली. नालीकडे नाही, बाभळीकडे नाही. चाकोरीतून, आपल्या आपण.

"पायलं मालक?"

"पायलं," बबनराव म्हणाले. "मोटारीत काई नाई."

"काई नाई कसं? खळ्यावर सरळ केली ना तिले. पुंजाजीले इचारा. रंगूमायले इचारा."

"पुंजाजी तुह्या जातीचा नाई, पन तुह्या चहाचा हाय. अन् बाई मानसाले काय समजते मोटारीतलं?" बबनरावांनी सोगा सारखा केला. "वाकडी होती म्हनतं, तं तिनं टायर खाल्ला असन. तो आन. टायर खोटं बोलत नाई."

हरिसिंगने खाली पाहिलं. उजवा पाय वहाणेसकट रेसच्या दट्ट्यावर होता. जाड, सारखी वहाण. तिच्यावर काहीच दिसत नव्हतं.

"नाई, मालक."

"मंग हात ठेव स्टेरिंगवर. मानसं हायत आत."

त्याने हात ठेवले. मोटार उजवीकडे निघाली.

कारंजाच्या थांब्यावर बबनरावांनी हात पुढे केला. हरिसिंगने किल्ली दिली. दौलतसिंग पानठेल्यावरच होता. तो आला, स्टेरिंगपाशी बसला, जरा पुढेमागे हलून पाहिलं. "काका, रागावू नका," एवढं म्हणाला.

"कायले रागावू? सैल धर. ती आपलीच जाते."

मानोऱ्याला घरी जायचं तर मोटार हीच. हरिसिंग मागून चढला. पेढेवाला आधीच येऊन उजवीकडे बसला होता.

"आता मी कुठं बसू, डायवर?"

"कुठंबी बस. आता सारखंच हाय."

पेढेवाल्याला ते पटलं नाही. तो उजवीकडेच राहिला. हरिसिंग डावीकडे खिडकीशी बसला. मोटार सुटली, धुळीतून सरळ चालली आणि जिथे जिथे पूर्वी जोर लागायचा तिथे तिथे त्याचा उजवा खांदा आपला आपण आवळत होता. गाव दिसेनासं झालं. मग त्याने डोकं खिडकीच्या दांडीला टेकलं. चालत्या मोटारीत त्याला कधी झोप लागली नव्हती. आता लागली.

दिवाळीनंतर डावा टायर बदलला तेव्हा जुना हरिसिंगने स्वतःला एक जोड ठेवून तांड्यावर वहाणांसाठी कापून वाटला होता. त्याची आतली कड तारेपर्यंत झिजलेली होती, वहाणेच्या कामाची नव्हती, म्हणून रामीबाईने ती तेव्हाच चूल पेटवायला वापरली होती.