भोंगेकाकांचा आवाज

"आधी ते बंद कर," प्रचाराच्या गाडीला आडवे जात भोंगेकाका म्हणाले. ड्रायव्हरने काच खाली केली. टपावरच्या भोंग्यातून भोंगेकाकांचाच आवाज गर्जत होता, "जो सख्ख्या भावाचा झाला नाही, तो गावाचा काय होणार? हे दुसरं कोणी नाही, त्याचा सख्खा भाऊ सांगतोय!"

"काका, पाचपर्यंत वाजवायला सांगितलंय."

"माझा दादा गेला रे. आत्ता न्हाव्याच्या दुकानात कळलं."

ड्रायव्हरने पेनड्राइव्ह काढून त्यांच्या हातावर ठेवला. ही एक झाली. अजून दोन गाड्या गावात फिरत होत्या.

गेली तीस वर्षं गावात कोणी वारलं, पाणी येणार नसलं, कोणाचं पोर हरवलं, की ते भोंगेकाकांच्या तोंडूनच कळायचं. त्यांचं खरं नाव बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागे. थोरला भाऊ शाळेत मास्तर. वाटण्या झाल्या तेव्हा घरात मधोमध भिंत आली आणि भिंतीबरोबर अबोलाही आला. यंदा मास्तर निवृत्त झाले आणि नगराध्यक्षांच्या विरोधात उभे राहिले. कोणी सांगितल्या होत्या नसत्या उठाठेवी? पण मास्तर ते मास्तरच.

नगराध्यक्षांनी मग भोंगेकाकांना बोलावून चहा पाजला. तुमच्या मुलीला दवाखान्यात कायम करतो म्हणाले, फक्त चार ओळी तुमच्या आवाजात हव्यात. कागदावर चारच ओळी होत्या. पाचवी, ती सख्ख्या भावाची, भोंगेकाकांनी पदरची घातली. घसा बसला होता तरी बोलण्याच्या भरात ठणकावून म्हटली आणि सगळ्यांनी वाहवा केली.

दुसरी गाडी स्टँडजवळ सापडली. तिच्या ड्रायव्हरने आधी पक्षाच्या कार्यालयात फोन लावला. तिथून उत्तर आलं, की वाईट झालं, शोकसभा मोठी घेऊ, पण आज प्रचाराचा शेवटचा दिवस आहे. भोंगेकाकांनी हात घालून वायरच उपटली.

तिसरी गाडी मात्र दिसेना. आवाज यायचा, गल्लीत वळावं तर तो पलीकडून यायचा. उभा जन्म भोंग्यासोबत काढलेल्या माणसाला आपला आवाज कुठून येतोय तेच समजेना. मग एकदम उमगलं. गाडी त्यांच्या नि दादाच्या गल्लीत शिरली होती. पन्नाशी उलटलेला तो माणूस जिवाच्या आकांताने पळत सुटला.

ते पोचले तेव्हा गाडी दारावरून पुढे निघून गेली होती. ओट्यावरच्या माणसांनी वाट करून दिली, हवी त्याहून जरा जास्तच. आत दादाला जमिनीवर निजवलं होतं. दादाची दाढी अर्धीच झालेली होती. भोंगेकाकांना रडू आलं, पण या घरात रडायचा हक्क आपल्याला उरलाय का, तेच त्यांना कळेना. ते भिंतीला टेकून उभे राहिले.

"वहिनी, दादाची बातमी मी सांगतो गावाला," शेवटी ते म्हणाले. "सगळ्यांची मीच सांगितली."

वहिनींनी वर पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सकाळपासून दोनदा गाडी गेली," त्या म्हणाल्या. "हे ऐकत बसले होते. म्हणाले, घसा बसलाय त्याचा, नुसतं ओरडून घेतायत, कोणी पाणीसुद्धा विचारत नसेल. तिसऱ्यांदा आली तेव्हा दाढी अर्धी टाकून पाण्याचा पेला घेऊन गाडीमागे धावले. त्यांना वाटलं, तुम्ही आत बसलाय. कोपऱ्यापर्यंत गेले, आणि तिथेच पडले."

मी गाडीत नव्हतो वहिनी, नुसता आवाज होता, एवढं तरी भोंगेकाकांना सांगायचं होतं. पण ते सांगून काय होणार होतं?

"भोंगा नको, भावजी," वहिनी म्हणाल्या.

भोंगेकाका बाहेर आले आणि गल्लीच्या टोकापासून त्यांनी एकेक दार वाजवायला सुरुवात केली. दार उघडलं की ते म्हणत, "दादा गेला. पाचला नेणार आहेत." आवाज इतका खोल गेला होता, की समोरचा माणूस कान पुढे करून विचारी, काय म्हणालात? मग ते पुन्हा सांगत आणि पुढच्या दाराकडे वळत. मागच्या रस्त्याने फिरणारी तिसरी गाडी मात्र दारादारात स्वच्छ ऐकू येत होती.