करिया परत आला तेव्हा

कोल्हापूरच्या सिनेमा कंपनीनं दीड महिन्यानं करियाला परत पाठवलं, तेव्हा दाक्षायणी त्याच्याकडे बघतच राहिली.

"हे आपलं कुत्रं न्हाय," ती नवऱ्याला म्हणाली.

"कायतरीच काय बोलतीस? करियाच हाय की," शंकरप्पा म्हणाला, पण बोलताना त्यानं मान वर केली नाही.

रंग तोच, काळाकुळकुळीत. गळ्याखालचा पांढरा ठिपकाही तोच. पण आठ वर्षांची लेक हेमावती "बा करिया, बा!" म्हणत धावली, तसा तो शेपूट पोटाशी घालून भिंतीला चिकटला. घरात बोलणं कानडीत, त्यामुळे कुत्र्यालाही कानडीच कळायची. 'बा' म्हणजे ये, एवढं ऐकलं की करिया असेल तिथून उड्या मारत यायचा. हा तर थरथरत होता.

सिनेमा एका पोराचा आणि त्याच्या कुत्र्याचा. कंपनीच्या मॅनेजरनं करियाला सोलापूरच्या बाजारात शंकरप्पाच्या मागं मागं फिरताना पाहिलं आणि सिनेमापुरतं त्याच्याकडून मागून नेलं. शेवटचे आठ दिवस कुत्रं कुणाचंच ऐकेना म्हणून शंकरप्पालाही बोलावून घेतलं होतं.

"सिनेमावाले एकासारखी एक चार कुत्री ठेवतात म्हणे," शेजारच्या रत्नम्मानं सांगितलं. "एक मेलं तर दुसरं पुढं."

दाक्षायणीच्या मनात ते घट्ट बसलं. करियाच्या मागच्या पायावर गरम पाणी सांडल्याचा डाग होता. तो शोधायला गेली, तर आजूबाजूचे केस वाढून ती जागाच झाकलेली. नवऱ्यावर तिची नजर राहू लागली. तो कुत्र्याला हात लावत नव्हता. चौकात सिनेमाचं पोस्टर लागलं, तर त्याकडे पाठ करून पान खायचा. विषय काढला की उठून जायचा. पोरीला फसवतोय हा माणूस, तिनं ठरवून टाकलं. परक्याचं कुत्रं घरात नको म्हणून तिनं त्याला अंगणातल्या नळापाशी बांधलं. हेमावती शाळेतून आली की तिथंच बसायची.

दिवाळीत सिनेमा सोलापूरला लागला.

"तिकिटं मिळंनात," शंकरप्पा दोनदा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दाक्षायणी स्वतः रांगेत उभी राहून दुपारच्या खेळाची तिकिटं घेऊन आली.

पडद्यावर करिया दिसला, तशी हेमावती खुर्चीवर उभीच राहिली. शेवटी मात्र पोराला वाचवताना कुत्र्याला साप चावला. पोराच्या मांडीवर ते पडलं, जीभ बाहेर, डोळे अर्धे मिटलेले. अख्खं थेटर मुसमुसत होतं. हेमावतीनं विचारलं, "अप्पा, मेला?"

दाक्षायणीनं नवऱ्याचा दंड धरून त्याला बाहेर ओढलं. पोरगी मागोमाग आली.

"आता तरी खरं सांगा. मेलं न्हवं आपलं कुत्रं?"

शंकरप्पा थेटरच्या पायरीवर बसला.

"मेलं न्हाय. घरी हाय तोच करिया. त्या सीनला निपचित पडंना, म्हणून इंजेक्शन द्यायचं ठरलं. डॉक्टरला जवळ येऊ देईना. मग मला म्हणाले, तुमी बोलवा." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मी 'बा करिया' म्हणालो. आला की शेपूट हलवत! मी धरला, त्यांनी सुई टोचली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठला न्हाय. उठल्यापासून माझ्याकडं बघत न्हाय."

चार महिने जमवून ठेवलेलं किती बोलायचं होतं तिला. त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. नळापाशी, उन्हात, दोरीनं बांधलेलं ते जनावर तिच्या डोळ्यांपुढं आलं. "मी पण काय कमी केलं," एवढंच ती म्हणाली.

घरी येताच तिनं दोरी सोडली. हेमावती हाक मारणार, तेवढ्यात तिनं पोरीच्या तोंडावर हात ठेवला.

"बोलवायचं न्हाय. यायचं तेव्हा येईल."

त्या दिवसापासून घरात त्याला कुणी 'बा' म्हटलं नाही. पंधरा दिवसांत तो हेमावतीच्या अंथरुणाशी झोपू लागला. शंकरप्पा मात्र रोज संध्याकाळी अंगणात भाकरीचा तुकडा शेजारी ठेवून गप्प बसायचा. करिया लांबून बघत राहायचा. संक्रांत झाली, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उठली, तेव्हा कुठं एके दिवशी तो दबकत आला, तुकडा उचलला आणि जाण्याऐवजी तिथंच बसून खाऊ लागला. शंकरप्पा जागचा हलला नाही. दारातून दाक्षायणीला नवऱ्याची पाठ तेवढी दिसत होती, हुंदक्यांनी हलणारी.