भुरीची निळी बादली

मी एक जुनी निळी बादली आहे, मित्रांनो. माझी कड एका बाजूने घोडीच्या दातांनी कुरतडलेली आहे आणि कडीला कापडाची पट्टी गुंडाळलेली आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात ओतलं गेलं, थंड झालं, आणि मी झाले. मग एकीच्या पोटात दुसरी अशा आम्ही बहिणी दुकानात उभ्या राहिलो. तिथे एक बाई आल्या. त्यांनी मला उलटी केली, बुडावर बोटांनी टकटक केलं आणि उचलून नेलं. त्या घोडेस्वारी शिकवत. त्यांची भाची त्यांच्याकडेच राहून शिकत होती, म्हणून मीही त्यांना आत्याच म्हणते.

आत्यांनी माझ्या अंगावर पांढऱ्या रंगाने एकच नाव लिहिलं, भुरी. भुरी ही भाचीची राखाडी घोडी. मी फक्त तिची. तबेल्यातल्या दुसऱ्या कुणाला माझ्यातलं घोटभर पाणी मिळायचं नाही. स्पर्धेच्या गावी पोहोचलो की आत्या आधी भुरीचं ठाण जंतुनाशकाने पुसून काढत, मग मला आकड्याला अडकवत. नळीने पाणी भरताना नळीचं तोंड माझ्यात बुडू देत नसत. लोक हसत. आत्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. भाची मात्र ओशाळी व्हायची.

एका स्पर्धेच्या सकाळी आत्या मैदानावरचे अडथळे पाहायला गेल्या होत्या. भाची भुरीला खरारा करत होती. तेवढ्यात आत्यांचे जुने मित्र आले. सगळे त्यांना मिशीवाले काका म्हणत. भाचीला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं होतं ते त्यांनीच. त्यांची बादली ट्रकच्या चाकाखाली येऊन फुटली होती आणि त्यांचा काळा घोडा तहानलेला होता. पाणी पाजून लगेच परत देतो, असं म्हणत त्यांनी माझ्या कडीला हात घातला.

भाचीने माझी दुसरी बाजू धरली.

"काका, ही नाही देता येणार," ती कशीबशी म्हणाली. "भुरीचं काही दुसऱ्याला द्यायचं नाही, असं आत्याने सांगितलंय."

"अगं, मी काय दुसरा आहे का?" काका म्हणाले.

भाचीने मान खाली घातली. पण तिने मला सोडलं नाही.

आत्या परतल्या तेव्हा दोघं तशीच उभी होती. काय झालं ते त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी खराऱ्याचं सामान ठेवायचा टब रिकामा केला, धुतला, भरला आणि काकांसमोर ठेवला. हा आता तुमचाच, परत आणू नका, असंही सांगितलं. ते शेवटचं वाक्य काकांना झोंबलं. टब उचलून ते गेले, ते मागे वळून न पाहता. त्या दिवशी भुरीने एकही अडथळा पाडला नाही, पण भाचीच्या चेहऱ्यावर हसू काही उमटलं नाही.

घरी आल्यावर भुरी तबेल्यात गेली नाही. आत्यांनी तिला अंगणापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकटीला बांधलं. स्पर्धेहून आलेल्या घोड्याला त्या नेहमीच काही दिवस वेगळं ठेवत, आणि या वेळी तबेल्यात तांबडी घोडी गाभण होती. भाची रुसली. मैत्रिणीसारखी घोडी, तिला वाळीत का टाकायचं, असं तिने विचारलं. आत्या एवढंच म्हणाल्या की वाईट वाटलेलं भरून काढता येतं, तबेल्यात शिरलेलं दुखणं नाही.

मग एके दुपारी काकांचा फोन आला. काळ्या घोड्याला सणकून ताप होता. नाकातून पू येत होता, जबड्याखाली गाठी सुजल्या होत्या. दुखणं संसर्गाचं आहे आणि एकाच बादलीतून पाणी प्यायल्यानेही पसरतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

भाची तडक शेडमध्ये आली आणि माझ्याशेजारी बसली. त्या सकाळी काकांचा हात माझ्या कडीला लागला होता.

त्यानंतरचे दिवस फार जड गेले. भाची सकाळ-संध्याकाळ भुरीचा ताप पाही. तबेल्यातली कामं आधी उरकून मगच शेडमध्ये येई, जाताना हात साबणाने धुई, बूट तिथेच सोडून जाई. भुरी जरा शिंकली तरी ती पुन्हा थर्मामीटर आणायला धावायची. माझ्यातलं पाणी किती कमी झालं ते ती वाकून वाकून बघायची. भुरी रोज मला रिकामी करत होती. बादली रिकामी झाल्याचा इतका आनंद मी कधी पाहिला नाही.

शेवटी डॉक्टर आले. त्यांनी भुरीचा जबडा चाचपला, आधी नेलेल्या नमुन्याच्या तपासणीचा निकाल सांगितला आणि घोडी निरोगी असल्याचं म्हणाले. भाची भुरीच्या मानेत तोंड खुपसून रडली. आत्या उंबऱ्यावर बसून राहिल्या. त्यांचे खांदे किती दिवसांनी सैल पडले होते! काही दिवसांत तांबडीला शिंगरू झालं, लांब पायांचं, धडधाकट.

काळा घोडाही बरा झाला. डॉक्टरांनी त्याला मोकळीक दिल्यावर काका शिंगरू बघायला आले. फाटकातून थेट आत न येता ते नळाकडे वळले. बूट घासले, हात कोपरापर्यंत धुतले.

"तू तेव्हा बादली सोडली असतीस ना पोरी," ते भाचीला म्हणाले, "तर आज मला इथे तोंड दाखवता आलं नसतं."

भाचीने त्यांना हात पुसायला टॉवेल दिला आणि हाताला धरून शिंगराकडे नेलं.

आता मला बारीक चीर गेली आहे. माझ्यात पाणी टिकत नाही, म्हणून भुरीचे ब्रश ठेवतात. भुरीला नवी बादली आली, तिच्यावरही तिचंच नाव आहे. थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, तुमच्याकडे कुठलंही जनावर असलं, तर त्याचं भांडं त्याचंच ठेवा. कुणी रागावलं तर रागावू द्या. राग जातो, आणि माणूस शिंगरू बघायला परत येतो.