वणव्या कधी हरला नव्हता

राहीने दादाचा वणव्या पणाला लावला तो निव्वळ अंगातल्या मस्तीपायी. भीती नंतर आली.

वणव्या म्हणजे फोनमधला राक्षस. दोन हजार आठच्या सुमारास किन्हवलीच्या पोरापोरींना या खेळाचं वेड लागलं होतं. दोन फोन ब्लूटूथने जोडायचे, आपापले राक्षस समोरासमोर सोडायचे, आणि ज्याचा पडेल त्याचा राक्षस कायमचा दुसऱ्याच्या फोनात जायचा. खेळच तसा बेतलेला. राक्षसांची इंग्रजी नावं कुणाच्या जिभेवर बसत नसत, म्हणून सगळ्यांनी आपापली नावं ठेवली होती. लाल मानेचा, आग ओकणारा वणव्या राहीच्या भावाने, पंकजने, हौसेने पोसलेला. तो कधीच हरला नव्हता, आणि ही गोष्ट पंकज सांगितल्याशिवाय राहत नसे.

पंकज भिवंडीला गोदामात लागला, त्याने नवा फोन घेतला आणि जुना राहीला दिला. त्या फोनचं मागचं झाकण इतकं ढिलं झालं होतं, की राहीने त्याला रबर लावलं होतं. देताना पंकज म्हणाला होता, "कुनाशीबी लढ. पन त्या डोळखांबच्या गोजरशी नको." राहीला वाटलं, गोजर आदिवासी पाड्यावरची म्हणून हा नाक मुरडतोय. दर शनिवारी घरी आला, की चहाच्याही आधी तो वणव्याची ताकद बघायचा.

पंकज कधी मारायचा नाही. मारलं असतं तर परवडलं असतं. तो बोलणं टाकायचा. एकदा राहीच्या हातून त्याच्या सायकलची किल्ली नदीत पडली, तर गणपती गेले, दसरा गेला, शेजारी जेवायला बसूनही त्याने तिच्याशी अवाक्षर काढलं नाही. आई मध्ये पडली तर तिलाही गप्प केलं. तेव्हापासून राही त्याच्या रागाला नाही, त्याच्या गप्प बसण्याला भ्यायची.

आणि तरीही त्या शुक्रवारी एसटी स्टँडच्या बाकावर गोजरने विचारलं, "गाडीला टाइम हाय. लढतेस का गो?" तेव्हा राही हो म्हणून बसली. आजूबाजूला कॉलेजातल्या चार मुली होत्या. नाही म्हणायला लाज वाटली, आणि वणव्या हरणार नाही ही मस्तीही होतीच.

गोजरने काढला चिखल्या. मातकट रंगाचा, बसका, कुणी फुकट दिला तरी घेऊ नये असा. मुली हसल्या. राहीही हसली, आणि वणव्याला आग ओकायला लावली.

गोजरने उलट वार केलाच नाही. चिखल्याने नुसता चिखल उडवला आणि तो वणव्याच्या पायाशी साचला. राहीने पुन्हा आग सोडली, तर चिखल्या कवचात शिरला. हिला बटणं तरी कळतात का, असं राहीला वाटलं. मग चिखल्याने एक घंटा वाजवली आणि दोन्ही राक्षसांच्या डोक्यावर तीनचा आकडा आला.

"ह्ये काय?" राहीने विचारलं.

"शून्य झालं का जो समोर उभा तो पडतो," गोजर म्हणाली. "तुजा बी, माजा बी."

एवढंच ना, म्हणून राही वणव्याला मागे घेऊन दुसरा राक्षस पाठवायला गेली. फोनने टुक् करून नकार दिला. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा टुक्. पाय चिखलात रुतलेला राक्षस बदलता येत नव्हता. आकडा दोनवर आला.

भात कापून झालं, की तिचे बाबा बांधावरच्या उंदरांची बिळं शोधत. सगळी तोंडं मातीने बुजवायची, एका तोंडाशी धूर करायचा आणि थांबायचं. मारायची घाई नाही, कुठे जाणारे उंदीर? लहानपणी ती हे मजेने बघायची. आज ती बिळाच्या आत होती. गोजर मात्र बाहेर होती. शेवटच्या क्षणी चिखल्याला मागे घ्यायला तिची वाट मोकळी होती.

राहीने जीव खाऊन आग ओकवली. चिखल्या हलला, पण पडला नाही. आकडा एकवर आला. उद्या शनिवार. चहाच्या आधी उघडला जाणारा फोन तिच्या डोळ्यांपुढे आला, मग दादाचं बंद तोंड, आणि मग दिवाळीपर्यंतचे सगळे दिवस. तिचा अंगठा आपोआप फोनच्या मागे गेला, रबर सरकलं. बॅटरी निघाली, की लढत रद्द. वणव्या जिथला तिथे. बॅटरी उतरली म्हणायचं, झालं.

गोजरने ते पाहिलं. आवाज न चढवता म्हणाली, "काढ ना. तुजा भाऊ बी असाच काढायचा. तीनदा काढली माज्यासमोर."

राहीच्या अंगठ्याखाली ते ढिलं झाकण हललं. फोनचं झाकण इतकं ढिलं कशाने झालं असेल, हे तिने आजवर कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. तिला दादाची लाज वाटली, आणि दादाची लाज वाटतेय याचीच जास्त भीती वाटली. तिने रबर जागेवर ओढलं. पुन्हा आगीचंच बटण दाबलं. आकडा शून्यावर यायच्या आत गोजरने चिखल्याला मागे घेतलं, वणव्या एकटा उभा राहिला आणि पडला.

"चांगला पोसलाय," गोजर म्हणाली, आणि डोळखांबची गाडी आली तशी उठून गेली.

शनिवारी पंकज आला. पाय धुतले, खाटेवर बसला, हात पुढे केला. राहीने फोन त्याच्या हातावर ठेवला.

"वणव्या कुठाय?"

"गोजरशी हरला." ती एवढ्यावर थांबली नाही. "बॅटरी नाय काढली मी."

पंकजने फोन उलटा केला. रबराकडे बघत राहिला. मग नेहमीसारखाच गप्प झाला, फक्त या वेळी मान त्याची खाली होती. राही चहा ठेवायला आत गेली.