आडवेउभ्यांची सही

वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत एकवीस वर्षं शब्दकोडं रचणाऱ्या गृहस्थांना कचेरीत सगळे आडवेउभे म्हणत. त्यांचं खरं नाव दाराशी बसणाऱ्या पहारेकऱ्याच्या वहीत होतं, पण तिथेही ते चुकीचं लिहिलेलं होतं. आडवेउभ्यांचं त्यावाचून काही अडत नसे. घरी बसून कोडं रचायचं, गुरुवारी सकाळी उत्तरांसकट मेलने धाडून द्यायचं, की आठवडा मोकळा.

मेल पाठवायची त्यांची तऱ्हाही जगावेगळी. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बस. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, माउसला काही काम नाही. एक कळ दाबली की खालचं पत्र, दुसरी दाबली की वरचं. या खिडकीला टर्मिनल म्हणतात, असं ते आल्यागेल्याला सांगत, आणि आल्यागेल्याला ते पाठ झालं होतं.

सगळं सुरळीत चाललं असताना पुरवणीच्या संपादकबाईंचा फोन आला. “काका, उत्तरं फुटतायत.”

“कुठे?”

“ते कळलं असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं? पूर्वी आठवड्याला तीस जणांची कोडी बरोबर यायची. गेल्या रविवारी चारशे आली. चिठ्ठ्या टाकून पाच जणांना पेन द्यायचं म्हणजे मला टोपली नाही, पिंप लागतं. तुमची मेल वाटेत कोणीतरी वाचतंय.”

त्याच दिवशी कचेरीच्या संगणकप्रमुखांचं फर्मान निघालं. यापुढे कोड्याची मेल कुलूपबंद आणि सहीनिशीच यावी. सोबत अकरा पानांच्या सूचना. त्यांचं सार इतकंच, की प्रत्येकाने दोन किल्ल्या करायच्या. एक जगाला वाटायची, तिने कोणीही आपल्यासाठी पत्राला कुलूप घालावं. दुसरी जिवापाड जपायची, कुलूप तिनेच उघडतं आणि सहीही तिचीच.

एकवीस वर्षांत कोणी आपली कोडी चोरण्याच्या लायकीची समजलं नव्हतं. आडवेउभे मनातून सुखावले, आणि चेहरा गंभीर करून कामाला लागले.

किल्ली तयार होताना यंत्राने सांगितलं, की आता कळफलक वाटेल तसा बडवा. आडवेउभ्यांनी ओळीने कळा दाबल्या, डावीकडून उजवीकडे, मग वरून खाली. यंत्र हटून बसलं.

“अगं, जरा येतेस का? काहीतरी अस्ताव्यस्त करायचंय.”

बायको दंतवैद्याच्या दवाखान्यात रोग्यांच्या वेळा लिहून घेई. सकाळभर लोकांचं कण्हणं ऐकून आलेली. तिने दोन्ही हातांनी कळफलक असा काही झोडपला, की किल्ली तिथल्या तिथे तयार झाली.

मग मेलच्या प्रोग्रॅमला हे सगळं समजावणं आलं. त्यासाठी एका फाइलमध्ये ओळी लिहायच्या होत्या. माझी किल्ली अमुक, प्रत्येक पत्रावर सही कर, समोरच्याची किल्ली असेल तर कुलूप घाल. ओळी सात आणि दिवस गेले तीन. त्यातला एक अख्खा दिवस राहून गेलेल्या अवतरणचिन्हापायी गेला. बायकोने त्याच अकरा पानांवरून आपल्या जुन्या लॅपटॉपवर वीस मिनिटांत सगळं बसवलं, तेव्हा आडवेउभे म्हणाले, “तुझं मशीन सोपं आहे.”

सरावासाठी त्यांनी बायकोची वाटायची किल्ली आपल्याकडे घेतली. यंत्राने लगेच विचारलं, या व्यक्तीवर तुमचा भरवसा किती? एक, सांगता येत नाही. दोन, मुळीच नाही. तीन, थोडाफार. चार, पूर्ण. पाच, निखालस.

आडवेउभे विचारात पडले. बायको मागे उभी होती हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

“एवढा काय विचार करताय?”

“नाही, नाही, चार. चारच दाबणार होतो.”

“पाच का नाही?”

“पाच म्हणे फक्त स्वतःच्या किल्लीला द्यायचा असतो.”

“हं,” ती म्हणाली. या ‘हं’चा अर्थ लावायला कोणतीही किल्ली पुरली नसती.

सूचनांप्रमाणे आधी नुसत्या सहीचं एक साधं पत्र कचेरीला पाठवायचं होतं. आडवेउभ्यांनी लिहिलं, ‘ही माझी सही. तपासून पाहावी.’ तासाभरात उत्तर आलं. सही खोटी निघाली आहे, ओळखपत्र घेऊन समक्ष हजर व्हा.

आडवेउभे बस पकडून गेले. पहारेकऱ्याने “या आडवेउभे” म्हणून आत सोडलं. संपादकबाईंनी “काका, बसा” म्हणून खुर्ची दिली. संगणकप्रमुख मात्र ओळखपत्र उजेडाला धरून पाहत राहिले.

“हे तुम्हीच का?”

“अहो, हे काकाच आहेत,” बाई म्हणाल्या.

“मॅडम, ते तुम्ही म्हणता. पडद्यावर लाल अक्षरात वेगळं येतंय.”

मग किल्लीचा ठसा ताडून पाहायचा झाला. आडवेउभ्यांनी घरून आणलेल्या कागदावरून चाळीस अक्षरं-आकडे मोठ्याने वाचले, प्रमुखांनी पडद्यावर बोट ठेवून जुळवले. चाळीसच्या चाळीस बरोबर. तरी सही खोटीच. प्रमुखांचा चेहरा उतरला. त्यांनी पत्र वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मेलच्या डोक्यावर कचेरीचं यंत्र आपणहून एक ओळ चिकटवत होतं, ‘सावधान, हा मजकूर बाहेरून आला आहे.’ सही केल्यानंतर पत्रात एक अक्षर जरी वाढलं, तरी ती सही खोटी ठरते.

“मग ती ओळ काढा ना,” बाई म्हणाल्या.

“ती कशी काढणार? ती सुरक्षेसाठी आहे.”

शेवटी तोड निघाली. पत्राला आधी कुलूप घालावं, म्हणजे सावधानची ओळ बाहेर दारातच राहील आणि आतल्या सहीला धक्का लागणार नाही. आडवेउभे घरी परतले आणि गुरुवारी पहिलं कुलूपबंद कोडं गेलं. कचेरीत प्रमुखांनी ते स्वतःच्या हाताने उघडलं. सही हिरवी निघाली. बाईंनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

रविवारी कोडं छापून आलं. पुढच्या शुक्रवारपर्यंत बरोबर उत्तरं आली चारशे सदतीस.

कचेरीत हलकल्लोळ उडाला. प्रमुखांनी दुप्पट लांबीच्या किल्लीची शिफारस केली. बाईंना आपल्याच माणसांत घरभेदी दिसू लागला, आणि त्यांनी मांडणी करणाऱ्याशी बोलणं टाकलं. आडवेउभे घरी पडदे ओढून कोडी रचू लागले.

अशात एके दुपारी त्यांच्या काळ्या पडद्यावर एक कुलूपबंद पत्र येऊन पडलं. पाठवणारी पलीकडच्या खोलीत होती. त्यांनी परवलीचं वाक्य टाकलं. वर हिरव्या अक्षरात उमटलं, सही बरोबर आहे. खाली मजकूर होता.

‘तोंडावर सांगायचं चारदा ठरवलं, जमलं नाही. काही फुटलेलं नाही. तुमचं कोडं सोपं झालंय. चंद्र, दोन अक्षरी, शशी. हत्ती, दोन अक्षरी, गज. काठ, दोन अक्षरी, तीर. यंदा तीर नऊ वेळा आला, मी मोजलाय. दवाखान्यात लोक दाढ धरून बसतात आणि तरी नंबर येईपर्यंत तुमचं कोडं संपवतात. पूर्वी तुम्ही एका शब्दासाठी दोन दिवस माझं डोकं खात होता. आता विचारतही नाही. रागावलात तरी चालेल.’

आडवेउभ्यांनी पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, हे कोणीतरी हिच्या नावाने घुसडलंय. पण सही पक्की होती, आणि भरवसा चार त्यांनी स्वतः दाबला होता. त्यांनी पुरवणीचे जुने अंक काढून मोजलं. तीर दहा वेळा निघाला.

ते पलीकडे गेले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, मान वर केली नाही.

“दहा वेळा आलाय,” ते म्हणाले.

“एक माझ्याकडून सुटला असेल.”

“आधी का नाही बोललीस?”

“तुम्ही इतके खुशीत होता. कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय म्हणून.”

आडवेउभ्यांनी एक चादर उचलली, तिची दोन टोकं धरली आणि घडी घालू लागले. मग म्हणाले, “दुसऱ्याला दिला, तरी आपल्यालाच पाळावा लागतो. दोन अक्षरी.”

ती थांबली. चादरीचं टोक तिच्या हातातच राहिलं. तीन चादरी आणि एक अभ्रा झाल्यावर ती एकदम म्हणाली, “शब्द!”

“अवघड आहे?”

“बरं आहे. पण सोळा आडव्यात टाका, सुरुवातीला नको.”

त्या आठवड्यात बरोबर उत्तरं सात आली. दोनशे जणांनी सोळा आडव्यात ‘कुत्रा’ लिहिलं होतं.

बाईंचा आनंद गगनात मावेना. मांडणीवाल्याशी बोलणं सुरू झालं. कुलूप आणि सही यांच्या जोरावर गळती बंद झाली, असं संगणकप्रमुखांनी वरपर्यंत कळवलं. त्यांना वेगळी केबिन मिळाली, आणि साऱ्या कचेरीला कुलूपबंद मेल शिकवायला आडवेउभ्यांचं व्याख्यान ठेवलं गेलं. खरं काय ते सांगून टाकायचं ठरवूनच आडवेउभे निघाले होते. पण भिंतीवर त्यांच्या फाइलमधल्या सातही ओळी हातभर मोठ्या अक्षरांत लावलेल्या दिसल्या, प्रमुखांनी पुढे होऊन हात मिळवला, आणि खरं सांगायचं राहूनच गेलं. अर्धा तास ते किल्ल्यांवर बोलले. लोकांनी आदराने जांभया दाबल्या.

“काही शंका?” प्रमुखांनी विचारलं.

मागच्या रांगेतून खेळाचं पान पाहणारे उठले. “शंका किल्लीबद्दल नाही. सोळा आडवं ‘कुत्रा’ का नाही, ते सांगा. मी माझा कुत्रा साडूला देऊन टाकला. तो रोज संध्याकाळी माझ्याच दारात येऊन बसतो. पाळतोय मीच!”

सभागृहात एकच गलका झाला. चौघं खेळवाल्यांच्या बाजूने उठले, दोघं विरुद्ध. प्रमुख “विषयावर या, विषयावर या” म्हणत राहिले. आडवेउभ्यांनी खिशातून पेन्सिल काढली, सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि म्हणाले, “हं. आता एकेकाने बोला.”